पिकअप ट्रकची चाके बदलल्यावर टायरच्या दाबाचे सेन्सर पुन्हा सुरू कसे करावेत

हिवाळी टायर चढवलेली चाके बसवून झाली, नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) घट्ट केले, ट्रक गॅरेजबाहेर काढला आणि काही किलोमीटर जाताच डॅशबोर्डवर घोड्याच्या नालाच्या आकाराचा, मध्ये उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लुकलुकू लागला, हा अनुभव कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या परिचयाचा असेल. इकडे ट्रक म्हणजे दहाचाकी मालगाडी नव्हे, तर मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी. मी कॅल्गरीत राहतो, २०१६ सालची शेव्हरले सिल्व्हराडो १५०० चालवतो आणि दर वर्षी दोनदा तिची चारही चाके स्वतः बदलतो. हे काम अवघड नाही, मात्र त्याचा क्रम चुकला तर चढवलेले टायर पुन्हा उतरवावे लागतात. म्हणून तो क्रम येथे सविस्तर मांडतो.

प्रथम दिवा नेमके काय सांगत आहे ते समजून घ्यावे. गाडी सुरू केल्यावर तो सुमारे एक ते दीड मिनिट लुकलुकत असेल आणि मग स्थिर पेटत राहत असेल, तर ती यंत्रणेतील बिघाडाची खूण आहे, म्हणजे एक किंवा अधिक सेन्सरांचा संदेश ट्रकपर्यंत पोहोचत नाही. दिवा न लुकलुकता स्थिर पेटला, तर सेन्सर उत्तम चालले आहेत आणि कोणत्या तरी टायरमध्ये खरोखरच हवा कमी आहे. दुसऱ्या प्रकारात सेन्सरांच्या मागे लागणे व्यर्थ आहे. दाबमापक घेऊन हवा तपासावी आणि भरावी.

ही व्यवस्था सर्व उत्पादकांच्या गाड्यांत सारखी दिसते, त्यामागे कायदा आहे. फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवरील फायरस्टोन टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये ट्रेड (TREAD) हा वाहन व टायर सुरक्षेचा कायदा झाला. त्याखालील नियमानुसार सप्टेंबर २००७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या, भारासह ४,५३६ किलोपर्यंत वजनक्षमतेच्या सर्व नव्या मोटारी, व्हॅन आणि पिकअप यांत टायरचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. दाब ठरलेल्या पातळीपेक्षा २५ टक्क्यांनी खाली गेला की वीस मिनिटांच्या आत दिवा लागलाच पाहिजे, असा तो नियम आहे. कॅनडात अशी सक्ती नाही, पण दोन्ही देशांसाठी गाड्या बहुधा एकाच कारखान्यातून येत असल्याने सेन्सर इथेही मिळतात. सक्ती नसल्यामुळेच इथले काही टायरवाले हिवाळी चाकांत सेन्सर न घालता ‘दिव्याकडे लक्ष देऊ नका’ असे सांगून मोकळे होतात. मला हा सल्ला मान्य नाही. उणे पंचवीस अंशांत, मुले मागे बसलेली असताना, बर्फाळ महामार्गावर एखादा टायर हळूहळू हवा सोडत आहे हे चालकाला वेळीच कळणे ही चैनीची बाब नव्हे.

आता सेन्सरचे काम पाहू. प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, आगपेटीपेक्षा थोडी लहान अशी एक बंद डबी असते. तिच्यात दाब आणि तापमान मोजणारा भाग, छोटा रेडिओ आणि एक बॅटरी असते. ती बॅटरी बदलता येत नाही. साधारण पाच ते दहा वर्षांनी ती संपली की पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. बॅटरी वाचवण्यासाठी ट्रक उभा असताना सेन्सर झोपलेला असतो आणि चाक फिरू लागल्यावर जागा होऊन ठरावीक अंतराने आपला ओळखक्रमांक, दाब व तापमान कळवतो. १२५ किलोहर्ट्झचा मंद संकेत व्हॉल्व्हजवळ दिल्यासही तो जागा होतो, आणि चाके ओळखवण्याची हातातली उपकरणे याच संकेतावर चालतात. ट्रकमधील ग्राहक यंत्राला (सेन्सरांचे संदेश पकडणाऱ्या रेडिओला) मात्र स्मरणात साठवलेल्या क्रमांकांचेच संदेश मोजायचे असतात. शेजारच्या गाडीच्या सेन्सरांकडे त्याने दुर्लक्ष करावे म्हणून ही रचना आहे. त्यामुळे नवी चाके लावली की त्यांतील सेन्सर कितीही उत्तम असले तरी ट्रकच्या दृष्टीने ते परकेच असतात.

याचा अर्थ असा की तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: सेन्सरची रेडिओ वारंवारता, त्याच्या संदेशाची भाषा आणि ट्रकच्या स्मरणातील क्रमांक. यांतील शेवटची गोष्ट चाके लावल्यावर घरीच पाच मिनिटांत जुळवता येते. पहिल्या दोन जुळल्या नसतील तर टायर रिमवरून उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

हे मी चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून हिवाळी टायर चढवलेली, सेन्सर आत असलेली चार चाके घेतली. ती २०२० च्या सिल्व्हराडोची होती. सहा नटांची, १३९.७ मिलिमीटर वर्तुळाची मांडणी दोन्ही पिढ्यांत एकच असल्याने चाके नेमकी बसली, आणि गाडीही त्याच कंपनीची, त्याच नावाची, तेव्हा सेन्सरही चालतील असे मी गृहीत धरले. पण माझ्या पिढीचे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, तर २०१९ मध्ये आलेल्या नव्या पिढीचे ४३३ मेगाहर्ट्झवर. बाहेरून व्हॉल्व्ह पाहून हा फरक कळत नाही. वारंवारता सेन्सरच्या डबीवर छापलेली असते आणि टायर चढला की ती दिसत नाही. दोन संध्याकाळी मी थंडीत चाकांभोवती उपकरण फिरवत बसलो. सेन्सर इमानाने उत्तर देत होते, ट्रकला ते ऐकूच येत नव्हते. शेवटी चारही टायर उतरवून योग्य सेन्सर घातले.

म्हणून चाके विकत घेण्यापूर्वी किंवा टायर रिमवर चढवण्यापूर्वी आपल्या ट्रकचे उत्पादनवर्ष आणि मॉडेल सांगून सेन्सरचा भागक्रमांक जुळवून घ्यावा, आणि जमल्यास सेन्सर वाचणाऱ्या उपकरणाने चारही सेन्सर टेबलावरच तपासावेत. असे उपकरण पडद्यावर ओळखक्रमांक, दाब, तापमान आणि पुष्कळदा वारंवारता व बॅटरीची स्थितीही दाखवते. टेबलावर ठेवलेल्या सेन्सरचा दाब शून्य दिसणे स्वाभाविक आहे. या वेळी चारही क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत, कारण पुढे ते फार उपयोगी पडतात.

सेन्सर कोणते घालावेत याचे पर्याय तीन आहेत. जुन्या चाकांतील सेन्सर काढून नव्या रिममध्ये बसवता येतात. कायमची चाके बदलायची असतील आणि सेन्सर तीन-चार वर्षांपेक्षा जुने नसतील तर हा मार्ग सर्वांत सोपा, कारण क्रमांक ट्रकला आधीच ठाऊक असतात. सात-आठ वर्षांचे सेन्सर मात्र नव्या टायरखाली पुन्हा घालू नयेत, कारण बॅटरी संपली की फक्त तेवढ्यासाठी टायर उतरवण्याची मजुरी द्यावी लागते. दुसरा पर्याय म्हणजे हिवाळी चाकांसाठी सेन्सरांचा स्वतंत्र संच घ्यावा आणि दर बदलाच्या वेळी ट्रकला तो ओळखवावा. तिसरा पर्याय म्हणजे श्रेडर, ऑटेल यांसारख्या कंपन्यांचे प्रोग्राम करता येणारे सेन्सर घेऊन त्यांत जुन्या सेन्सरांचेच क्रमांक उतरवावेत, म्हणजे चाके बदलल्याचे ट्रकला कळतही नाही. ज्या गाड्यांत नवे क्रमांक भरण्यासाठी निदान-उपकरण (गाडीच्या संगणकाशी बोलणारे यंत्र) जोडावे लागते त्यांच्या मालकांना हा शेवटचा मार्ग फार सोयीचा पडतो. एकच पथ्य पाळावे: सारख्याच क्रमांकांचा दुसरा संच हौद्यात टाकून प्रवास करू नये, कारण चालत्या गाडीच्या हालचालीने तोही जागा होऊ शकतो आणि एकाच क्रमांकाचे दोन वेगळे दाब ट्रकला ऐकू येऊ शकतात.

टायर चढवण्याचे काम बहुतेक जण दुकानातच करून घेतात, पण तेथे काही गोष्टी आवर्जून सांगाव्यात. यंत्राने टायरची कड रिमपासून सुटी करताना दाब सेन्सरजवळ पडू नये, अन्यथा डबी तडकते. व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असेल तर त्याचे रबरी वॉशर, नट आणि व्हॉल्व्हची पिन दर वेळी नवी घालावी, आणि नट त्या सेन्सरसाठी ठरवून दिलेल्या टॉर्कनेच आवळावा. पिन निकेलचा मुलामा दिलेलीच हवी. साधी पितळी पिन किंवा पितळी टोपी ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला लावली तर रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या संगतीने दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि वसंतात हवा तपासायला जावे तर टोपी फिरतच नाही. जोर केला तर व्हॉल्व्ह मोडून हातात येतो. प्लास्टिकची साधी टोपी सर्वांत उत्तम.

चाके बसवल्यानंतर, ओळख करून देण्यापूर्वी, दोन तयाऱ्या कराव्यात. चारही टायरमध्ये चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिल्याप्रमाणे हवा भरावी. उतरवलेली चाके ट्रकपासून चांगली दूर, शक्य तर गॅरेजच्या बाहेर ठेवावीत, कारण त्यांतला एखादा सेन्सर चुकून जागा झाला तर ट्रक त्यालाच चाक समजून नोंदवून टाकतो.

सिल्व्हराडो आणि तिच्या जीएमसी सिएरा या भावंडात कृती अशी आहे. गिअर पार्कमध्ये ठेवून पार्किंग ब्रेक लावावा आणि इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करावे. बटणाने सुरू होणाऱ्या ट्रकमध्ये ब्रेकवर पाय न ठेवता बटण काही सेकंद दाबून धरले की ही स्थिती येते. स्टिअरिंगवरील कळांनी चालकासमोरच्या छोट्या पडद्यावर टायरच्या दाबाचे पान आणावे. ते पान सापडत नसेल तर पडद्याच्या पर्यायांमध्ये ते बंद केलेले असते, तेथे जाऊन चालू करावे. मग निवडीची कळ काही सेकंद दाबून धरावी. पडद्याने खात्री विचारल्यास होकार द्यावा. हॉर्न दोनदा वाजला आणि डाव्या पुढच्या बाजूचा वळणदिवा लागला की ट्रक ऐकायला तयार आहे. डावी बाजू म्हणजे इथे चालकाची बाजू, हे भारतात वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्यांनी ध्यानात ठेवावे. आता १२५ किलोहर्ट्झचा संकेत देणारे छोटे उपकरण डाव्या पुढच्या टायरच्या बाजूच्या रबरावर, व्हॉल्व्हच्या लगत टेकवून बटण दाबावे. हॉर्न एकदा वाजला की त्या चाकाची नोंद झाली. त्यानंतर उजवे पुढचे, उजवे मागचे आणि शेवटी डावे मागचे, याच क्रमाने जावे. प्रत्येक वेळी त्या त्या कोपऱ्यातील दिवा लागून पुढचे चाक कोणते ते ट्रक स्वतःच दाखवतो. चौथ्या चाकानंतर हॉर्न दोनदा वाजला की काम संपले. पहिल्या चाकासाठी दोन मिनिटे आणि सगळ्यांसाठी मिळून पाच मिनिटे मिळतात, तेव्हा व्हॉल्व्ह कोठे आहेत ते आधीच पाहून ठेवावे. जुन्या काही मॉडेलांत उपकरणाऐवजी टायरमधील थोडी हवा सोडूनही सेन्सर जागा करता येत असे. नव्या मॉडेलांत तो उपाय चालेल या भरवशावर राहू नये, कारण हवा जाते, हॉर्न वाजत नाही आणि वेळही निघून जाते.

फोर्ड एफ-१५० च्या २००९ ते २०१४ या पिढीतील किल्लीच्या ट्रकमध्ये सुरुवात वेगळी आहे. इग्निशन बंद असताना ब्रेक एकदा दाबून सोडावा, किल्ली बंद स्थितीतून चालू स्थितीत तीनदा न्यावी आणि तिसऱ्यांदा चालूच ठेवावी, ब्रेक पुन्हा एकदा दाबून सोडावा, इग्निशन बंद करावे आणि पुन्हा तीनदा तसेच करून चालू स्थितीत थांबावे. हॉर्न एकदा वाजतो आणि पडद्यावर डाव्या पुढच्या टायरची सूचना येते. तेथून पुढचा क्रम वर सांगितल्याप्रमाणेच. वाटेत हॉर्न दोनदा वाजला तर प्रयत्न फसला असे समजून सगळे पहिल्यापासून करावे. बटणाने सुरू होणाऱ्या फोर्डसाठी पुस्तिकेत दुसरी कृती दिलेली असते, तीच वापरावी.

रॅम कंपनीच्या पिकअपच्या मालकांना यांतले काही करावे लागत नाही. योग्य सेन्सर असलेली चाके लावून ट्रक वीस मिनिटे उभा ठेवावा आणि मग ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने सलग वीसेक मिनिटे चालवावा. ट्रक नवे क्रमांक आपोआप शिकतो.

टोयोटाच्या टॅकोमासारख्या ट्रकबाबत मात्र एक गैरसमज फार पसरलेला आहे. अनेक मॉडेलांत स्टिअरिंगखाली टायरच्या चिन्हाचे एक बटण असते, आणि दिवा तीनदा मंद लुकलुकेपर्यंत ते दाबून धरले की नव्या चाकांची ओळख पटली असे लोक समजतात. ते बटण केवळ सध्याचा दाब हा योग्य दाब म्हणून नोंदवते. ओळखक्रमांकांशी त्याचा काहीही संबंध नाही. नवे क्रमांक भरण्यासाठी स्टिअरिंगखालच्या निदान-जोडणीला उपकरण लावून ते ट्रकच्या यंत्रात लिहावे लागतात, आणि हे वर्षातून दोनदा करण्याचा कंटाळा असेल तर वर सांगितलेले जुन्या क्रमांकांचे सेन्सरच उत्तम. शिवाय हवा कमी असताना ते बटण दाबले तर तोच कमी दाब योग्य म्हणून नोंदला जातो आणि पुढे दिवा लागायला हवा तेव्हा लागत नाही, म्हणून आधी हवा, मग बटण.

एखादे चाक प्रतिसाद देत नसेल तर घाई करू नये. उपकरण धातूच्या रिमवर नव्हे, रबरावर टेकलेले आहे ना ते पाहावे. मग ट्रक अर्धा मीटर पुढे घेऊन चाकाची स्थिती बदलावी. चाकाच्या काही स्थितींत संदेश ग्राहक यंत्रापर्यंत नीट पोहोचत नाही. फोनचे चार्जर आणि नंतर बसवलेले एलईडी दिवे काढून किंवा बंद करून पाहावे, कारण त्यांतली काही स्वस्त उपकरणे सेन्सरांच्याच रेडिओ-पट्ट्यात खरखर करतात. तरीही शांतता असेल तर केवळ संकेत देणाऱ्या साध्या उपकरणाने पुढे काही कळत नाही, कारण सेन्सर मेला आहे की तो बोलतो आहे आणि ट्रक ऐकत नाही, हे त्यावरून समजत नाही. अशा वेळी सेन्सर वाचणारे उपकरण आणावे. त्यावर क्रमांक आणि दाब दिसला तर सेन्सर जिवंत आहे आणि दोष वारंवारतेत, भाषेत किंवा नोंदणीत आहे. काहीच दिसले नाही तर बहुधा बॅटरी संपली आहे. टायरमध्ये कधी पंक्चर बंद करणारे द्रव भरले असेल तर ते सेन्सरच्या दाबछिद्रात अडकून चुकीचा आकडा येऊ शकतो, तेही लक्षात घ्यावे.

सेन्सर ओळखले गेल्यानंतर हवेच्या आकड्यांकडे पाहावे. तापमान साडेपाच अंश सेल्सियसने उतरले की दाब साधारण एक पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) उतरतो. वीस अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ३५ पीएसआय भरलेला टायर उणे पंधरा अंशांत बाहेर रात्रभर राहिला तर सकाळी सुमारे २९ पीएसआय दाखवतो. ३५ च्या पट्टीसाठी दिवा २६ च्या आसपास लागतो, म्हणजे आधीच दोन-तीन पीएसआय कमी असतील तर पहिल्या कडाक्याच्या पहाटे दिवा लागणारच. कॅल्गरीत याला आणखी एक पदर आहे: चिनूक या उबदार वाऱ्याने भर जानेवारीत काही तासांत पारा वीस अंशांनीही चढतो, आणि त्या उबदार दुपारी हवा भरली तर थंडी परतताच ती कमी पडते. म्हणून हवा नेहमी बाहेर, टायर थंड असताना, त्या ऋतूच्या सर्वसाधारण थंडीत भरावी.

ज्यांनी मूळ टायर बदलून जाड बांधणीचे एलटी (लाइट ट्रक) टायर घेतले आहेत त्यांनी दरवाजावरील पट्टीचा आकडा डोळे झाकून पाळू नये. एलटी टायरला तेवढाच भार उचलण्यासाठी अधिक दाब लागतो आणि तो टायर कंपनीच्या, कोणत्या दाबाला किती भार चालतो ते सांगणाऱ्या तक्त्यावरून ठरवावा लागतो. ट्रकची इशारापातळी मात्र मूळ टायरचीच राहते, त्यामुळे नव्या टायरसाठी धोकादायक इतकी हवा उतरली तरी दिवा गप्प राहू शकतो. ही पातळी डीलरकडे, आणि फोर्डच्या ट्रकमध्ये फोरस्कॅन या संगणकप्रणालीने, बदलता येते. ते होईपर्यंत दर पंधरवड्याला हाताने दाब तपासावा.

शेवटच्या दोन गोष्टी लहान आहेत, पण त्या राहून जातात. साधारण शंभर किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत. माझ्या सिल्व्हराडोसाठी तो आकडा १९० न्यूटन-मीटर आहे, आपला आकडा पुस्तिकेत पाहावा. आणि उतरवलेली उन्हाळी चाके ठेवून देताना प्रत्येकावर त्याची जागा व सेन्सरचा ओळखक्रमांक खडूने न लिहिता, न पुसणाऱ्या शाईने चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी चाकाला बांधावी.